माशीची नळी

पुण्यात एखादी वस्तू मिळत नाही असं सहसा होत नाही. ती कशाला हवी आहे, याचं दुकानदाराला पटेल असं उत्तर आपल्याकडे नसतं, एवढंच. एरवी आपण शाळेच्या प्रकल्पाचं कारण पुढे करून निभावून नेतो. पण केस पांढरे झालेल्या माणसाने ‘आतून पोकळ, बाहेरून तीन मिलिमीटर, माशी बांधायला’ असं म्हटलं की काउंटरवर शांतता पसरते.

खुलासा करतो. मला फ्लाय फिशिंगचा नाद आहे. पिसं, केस, जर असलं काहीबाही गळावर दोऱ्याने बांधून खोटी माशी करायची आणि ती महाशीर नावाच्या माशाला खरी वाटावी अशी आशा धरून पाण्यात टाकायची. आमच्या घरात मासा शिजत नाही. पकडला तरी सोडून द्यायचा, हे कळल्यावर बायको एवढंच म्हणाली, “अहो, मग तो आहे तिथेच बरा होता की.” यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

या नादातला पुढचा टप्पा म्हणजे ट्यूब फ्लाय. यात माशी गळावर न बांधता एका पोकळ नळीवर बांधतात. दोर नळीतून ओवून घ्यायचा आणि टोकाला गळ बांधायचा. लांब दांड्याच्या गळाला हिसडे देऊन मासा तो उपटून काढतो. इथे आखूड गळ वेगळा असल्यामुळे त्याला तशी तरफ मिळत नाही. मासा लागला की माशी दोरावरून वर सरकते आणि चावली जायची वाचते. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असे दात असतात की सामान्य गळ तो चिरडून टाकतो. गळ वाकडा झाला तर नळीच्या माशीत फक्त गळ बदलायचा, माशी तीच. कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी मनाला पटेल असा हा हिशेब आहे.

आणि महाशीर काही परका नव्हे. दख्खनी महाशीरचं शास्त्रीय वर्णन इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेकडे मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या पाण्याकडे बघून कोणी मासा शोधत नाही, पूल कधी ओलांडून होतो एवढंच बघतो. देहू-आळंदीला इंद्रायणीत देवाचे मासे असतात, तिथे गळाचा विचारसुद्धा करायचा नाही. उरलं धरणाचं पाणी, तेही रीतसर परवानगी काढून.

तर नळी. तयार नळ्या परदेशातून येतात: प्लॅस्टिकच्या, ॲल्युमिनियमच्या, पितळी, तांब्याच्या. टंगस्टनच्याही असतात. टंगस्टनची घनता 19.3, म्हणजे थेट सोन्याइतकी, आणि भाव विचारल्यावर आपण लक्ष्मी रोडवर सराफाच्या पेढीत उभे आहोत असं वाटायला लागतं. तेव्हा ठरवलं, गावात बघू.

पहिली मदार कान साफ करायच्या काड्यांवर होती. पोकळ, सरळ, हलकी, अगदी बेतून केल्यासारखी. पण प्लॅस्टिकच्या दांडीच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. आता कागदाची दांडी मिळते, ती पाण्यात विरघळते, किंवा बांबूची, जिला भोकच नाही. सरकारच्या धोरणाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त आधी सांगितलं असतं तर दोन डबे जास्त घेऊन ठेवले असते.

मग तपकीर गल्ली. तिथल्या विजेच्या दुकानात टेफ्लॉनची स्लीव्ह, म्हणजे तारेवर चढवायची नळी, मिळते. गुळगुळीत, कडक, दोर आतून सुळकन जातो. पण ज्या गुणामुळे डोसा चिकटत नाही, त्याच गुणामुळे माशी बांधायचा दोराही चिकटत नाही. बांधलेली माशी पुढून अलगद निसटून हातात येते. साध्या प्लॅस्टिकच्या नळीचं टोक लायटरजवळ नुसतं धरलं की ते वितळून बाहेरच्या बाजूला छान कड वळते आणि त्या कडेला माशीचं डोकं अडतं. टेफ्लॉन तसं वळत नाही, आणि जास्त तापवलं तर धूर विषारी. म्हणजे हे अस्तरापुरतं ठीक: धातूच्या नळीच्या आत घातलं की धातूच्या धारेने दोर कापला जात नाही.

खरी परीक्षा औषधाच्या दुकानात झाली. नळीच्या मागच्या टोकाला गळ धरून ठेवायला एक मऊ तुकडा लागतो. ॲबर्डीनच्या एका बाईंनी 1945 च्या सुमारास अशा माश्या प्रथम बांधल्या आणि सर्जिकल नळी वापरायची कल्पना एका डॉक्टरांची, असं सांगतात. तेवढ्या बळावर मी आत शिरलो आणि तान्ह्या बाळाला दूध भरवायची नळी मागितली. आठ नंबर.

“बाळ किती दिवसांचं आहे?” काकांचा चेहरा एकदम हळवा झाला.

“बाळासाठी नाही.”

“मग?”

“माशीसाठी.”

काकांनी चष्मा काढला. “माशीला नळीने भरवता?”

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि एक पाऊल मागे सरकल्या. मी गळ, दोर, महाशीर असं सगळं सांगितलं. त्यावर काका म्हणाले, “हा नंबर बाहेरच्या व्यासाचा असतो. तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर. तुम्हाला आतला लागणार ना?” बरोबर तोच मुद्दा होता. आयुष्यात एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नळी त्यांनी दिली. शिवाय “डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका” हेही सवयीने सांगितलं.

ही नळी मऊ. तिच्यावरच माशी बांधायला गेलं तर दोरा ताणताना ती चेपते आणि बांधताना नळी जिच्यावर चढवून धरतात, त्या आतल्या सुईला मिठी मारते. माझी सुई म्हणजे गोधडी शिवायचं दाभण, शिकंज्यात आडवं धरलेलं. विलायती साधनाची किंमत बघितल्यावर आजीचं दाभण फार सुबक दिसायला लागतं.

माशीच्या अंगासाठी शेवटी पेनाची रिकामी रिफिल पास झाली. शाई काढणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे, त्याबद्दल आमच्या बेसिनलाच विचारावं. पण पातळ, ताठ, टोक वळतं, पाण्यात वरच्या थरात राहते. तिच्या मागे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी फिट्ट बसते. ही नळी मागायला गेलो तर पंक्चरवाल्याने माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, “सायकल कुठंय?” एकेकाळी सायकलींचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात व्हॉल्व्हट्यूब सुटी विकत घेणारा माणूस त्याला संशयास्पद वाटला. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

राहिली खोल पाण्याची माशी. रिफिलचं प्लॅस्टिक पाण्याहून हलकं, ते खाली जायला तयार नसतं. तिथे तांबं हवं, पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. तांबट आळीत भांडी घडतात, दोन मिलिमीटरची नळी नव्हे, हे तिथल्या एका कारागिराने हातोडी न थांबवता सांगितलं. ती नळी मिळाली फ्रीजच्या सुट्या भागांच्या दुकानात: कॅपिलरी. कटरने कापू नका, आतलं भोक मिटतं. कानशीने सभोवार बारीक खाच पाडायची आणि इकडून तिकडे वाकवत टच्च मोडायची. मग टोकं घासून, आतली धार सुईने उतरवायची. हिच्या मागे मात्र बाळाची नळी गरम पाण्यात धरून चढवली की मस्त बसते. एका माशीला जेमतेम अडीच सेंटिमीटर लागतं. दुकानदार मात्र मीटरच्या खाली बोलायला तयार नव्हता, त्यामुळे मी अख्खं वेटोळं घेऊन आलो आणि ते माळ्यावर गेलं.

मे महिन्यात आमचा फ्रीज बसला. मेकॅनिक आला, मागे डोकं घालून बराच वेळ खाटखूट करून म्हणाला, “कॅपिलरी चोक झालीय. उद्या घेऊन येतो.” बायकोने न बोलता माळ्याकडे बोट दाखवलं. मी वेटोळं काढून दिलं. त्याने ते हातात फिरवून पाहिलं, नंबर विचारला, मान डोलावली आणि मग व्हायचं तेच झालं.

“साहेब, पण तुमच्याकडे ही कशाला?”

मी सांगितलं. त्याने काम न थांबवता ऐकून घेतलं. त्या वेटोळ्यात निदान शंभर माश्या होत्या, त्या एकेक करून फ्रीजच्या पाठीमागे गुंडाळल्या जाताना मी पाहत होतो. जाताना त्याने उरलेला वीतभर तुकडा माझ्या हातावर ठेवला.

“घ्या,” तो म्हणाला, “माशीला होईल.”