गटात बसून कोणी ढ होत नाही

रविवारी रात्री भाचीचा मेसेज आला, "मावशी, मुलाला गटातून काढून वेगळं बसवा असं बाईंना सांगू का?" सोबत तो फॉरवर्ड, सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय तोच. परिसर अभ्यास गटात शिकवणं हे परदेशी फॅड, हुशार मुलं मागे पडतात, ढ मुलांना फुकट मार्क मिळतात, शिक्षकांना आराम, सनावळ्या शेवटी पाठच कराव्या लागतात. खाली 'एक जागरूक पालक'. जागरूक असाल हो, पण वर्गात कधी डोकावलात?

हुशार मुलं मागे पडतात म्हणे. चौथीला शिकवताना मी 'पुण्याचं पाणी' चार चिठ्ठ्यांत कापायचे: कात्रजच्या तळ्यातलं पाणी शहरात आणणारा पेशव्यांच्या काळातला नळ, खडकवासल्यापासून टेमघरपर्यंतची धरणं, पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१, आणि आपल्या घरी पाणी किती वाजता येतं. गटात चौघं, प्रत्येकाकडे एकच चिठ्ठी. सगळ्या गटांतले कात्रजवाले आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करणार, मग गटात परतून बाकी तिघांना शिकवणार. एकदा कात्रज आलं मागच्या बाकावरच्या अबोल मुलाकडे. वर्गात पहिली येणारी त्याला विचारतेय, "अरे, पण उच्छ्वास म्हणजे काय?" तो म्हणाला, "नळात हवा कोंडते ना, ती सोडायला बांधलेला खांब. पाणी पण श्वास घेतं गं." चाचणीत तिने जवळजवळ हेच लिहिलं. आणि चाचणी ज्याची त्याची, वेगवेगळी.

मेख इथेच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९९५ साली अशा प्रयोगांचा आढावा घेतला. विषय सगळेच होते, नुसता परिसर अभ्यास नव्हे. प्रत्येक मूल स्वतः किती शिकलं यावर गटाचं कौतुक ठरवणारे ६४ अभ्यास होते. त्यांपैकी ५० मध्ये ठळक फायदा दिसला, तोटा एकातही नाही. हुशार, मध्यम, कच्ची, बहुतेक ठिकाणी तिन्ही थरांना फायदा सारखाच.

फुकटच्या मार्कांचं मात्र, नाइलाजाने, अर्धं खरं आहे. गटाला मिळून एक तक्ता करायला लावायचा आणि चौघांना एकच गुण द्यायचे, तर तिघं गप्पा मारतात आणि चौथ्याची आई रात्री थर्माकोलचा सिंहगड कापत बसते. स्लाव्हिन यांच्या आकड्यांतही तेच दिसतं: आधीच्या प्रकारात परिणामाचं मधलं माप ०.३२ (शून्य म्हणजे काहीच फरक नाही), एकच तक्ता किंवा गटाला बक्षीसच नाही अशा प्रकारात ०.०७, म्हणजे जेमतेम. फॉरवर्डवाल्यांनी थर्माकोल पाहिला आणि सगळ्या पद्धतीलाच नावं ठेवली.

परदेशी? हो, आहे. ही चिठ्ठ्यांची रीत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू केली, गोरी-काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं चालली होती तेव्हा. पन्नास वर्षं टिकलेलं फॅड म्हणायचं हे!

शिक्षकांच्या आरामाबद्दल बोलतच नाही. चाळीस चिठ्ठ्या आदल्या रात्री कोण कापतं?

सनावळ्या करा की पाठ, कोण अडवतंय.

भाचीला लिहिलं, वेगळं बसवू नकोस. बाईंना एवढंच विचार, शेवटी चाचणी प्रत्येकाची वेगळी घेता ना? नाही म्हणाल्या, तर मला फोन कर.