खर्डा आणि खाडाखोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. थांग काळातला चिनी सुलेखनकार यान झेनछिंग याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच लिहिलं असतं तर नको ते लिहून गेलो असतो, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. तुमचे आक्षेप चार : त्याच्या अक्षरातल्या दुओबाओ स्तूपाच्या शिलालेखाचं साल चुकलंय, यानचं बहुतेक काम दगडावरच उरलंय, तेव्हा शैली त्याची की कोरणाऱ्याची हे कळत नाही, अक्षरं बोजड आहेत, आणि 'पुतण्याच्या श्राद्धाचा खर्डा म्हणजे निव्वळ खाडाखोड, तिला महान कला म्हणणं ही भाबडी भक्ती.'

साल चुकलं, मान्य. 742 छापलं होतं, 752 हवं. दुरुस्त केलंय, आभार.

'भाबडी भक्ती' मात्र लागलं. मत पटलं नाही तर तसं सांगा, पण समोरच्याने काही न पाहता-शिकता लिहिलंय असं धरून चालायची ही कुठली रीत? तोक्योत नोकरीला होतो तेव्हा सात वर्षं दर शनिवारी कुंचला धरून मी यानची अक्षरं गिरवली आहेत. 2019 साली हा खर्डा तैपेईहून तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आला, तेव्हा पुन्हा रांग धरून एकाच दिवसात दोनदा पाहिला. तुम्ही तो कुठे पाहिलात, हे प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही.

आता खाडाखोडीबद्दल. 755 मध्ये आन लूशान या सेनापतीने चीनच्या थांग राजवटीविरुद्ध बंड केलं. यानचा चुलतभाऊ यान गाओछिंग छांगशान हे ठाणं लढवत होता. पुढच्याच वर्षी छांगशान पडलं. तो गेला, त्याचा मुलगा जीमिंग, म्हणजे खर्ड्यातला पुतण्या, गेला, घराण्यातली तीसहून अधिक माणसं गेली. 758 मध्ये अवशेष शोधून आणले तेव्हा जीमिंगचं फक्त शिर हाती आलं. त्या शिरासमोर वाचायच्या मजकुराचा हा कच्चा खर्डा. तो कोणी बघावा म्हणून लिहिलेलाच नाही.

सुरुवातीला तारीख आहे, अक्षरं शांत आहेत. लगेच पहिली खोड येते. स्वतःचं नातं सांगताना यानने आधी 'चुलता' अर्थाचा औपचारिक शब्द लिहिला, मग तो खोडून 'तेरावा काका' केला. भावंडांच्या क्रमात तो तेरावा, आणि पोरगा त्याला काकाच म्हणत असणार. ती खोड काढून टाका आणि काय उरतं ते सांगा! पुढे 'बाप अडकला, मुलगा मेला, घरटं कलंडलं, अंडी फुटली' या शब्दांपाशी अक्षरं एकदम मोठी होतात. कुंचल्यातली शाई संपत येते, कोरडे केस कागदावर घासतात, तरी हात पुढे जातच राहतो. कुठे शाई पुन्हा घेतली तेसुद्धा दिसतं. पक्क्या प्रतीत यातलं काही राहिलं नसतं.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. माझा मोठा भाऊ गेला तेव्हा शोकसभेसाठी मी दोन पानं लिहिली. रात्रभर खोडत होतो, पहाटे सुवाच्य प्रत केली आणि तीच वाचली. आज ती प्रत हातात घेतली तर कोणा परक्याची वाटते. खर्डा मात्र मी अजून पुरता वाचू शकत नाही. एका ओळीत 'दादा' तीनदा लिहून तीनदा खोडलाय. तुमच्या घरात असा कागद नसेल तर सुखी आहात. पण तसं असेल, तर या विषयावर इतक्या ठामपणे बोलू नका.

कोरणाऱ्याचा मुद्दा फार जुना आहे, त्यात आज शिरत नाही. हा खर्डा कागदावरचा शाईचा आहे, एवढं पुरे. बोजडपणाची तक्रार नंतरच्या सोंग काळातल्या 'मी फू' नावाच्या सुलेखनकारानेही केली होती. यानची ठाशीव अक्षरं त्याला ग्राम्य वाटत. पण यानची धावती, म्हणजे भराभर लिहिलेली अक्षरं शिकवण्याजोगी आहेत, हे त्यानेही म्हटलंय. आणि हा खर्डा धावत्या अक्षरांतलाच आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, शब्दही बदललेला नाही. 'भाबडी भक्ती' तेवढं तुम्ही स्वतःहून मागे घ्यावं, अशी माझी अपेक्षा आहे.