होडी, पक्षी आणि नाल्याचे पाणी

डिसेंबरात इंदूरला गेलो असताना सिरपूर तलावाच्या बांधावर काका आणि चुलतभाऊ यांनी मला पंच नेमले. राष्ट्रीय हरित लवादाने 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावातील क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला लावल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयातही तो आदेश टिकला, आणि तेव्हापासून आमच्या रामबागेतल्या घरात दोन तट पडले आहेत. काकांच्या मते पाणथळीवर वल्ह्याची होडीसुद्धा नको. भावाचे म्हणणे असे की, लोकांना पाण्याजवळ येऊच दिले नाही तर उद्या तलाव बुजवला जाताना ओरडायलाही कोणी उरणार नाही. ‘तुमच्याकडे काय करतात, ते सांग,’ असे दोघेही म्हणाले.

आमच्याकडे म्हणजे कॅलिफोर्नियातील ओकलंडला. तेथील लेक मेरिट नावाने तळे असले तरी मुळात खाडी आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराची भरती एका अरुंद वाटेने थेट शहराच्या मध्यात येते. 1870 मध्ये राज्याने येथे शिकारीला बंदी केली आणि अमेरिकेतील पहिले सरकारी वन्यजीव अभयारण्य अशा भर शहरात उभे राहिले. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात, तेव्हा पक्ष्यांसाठी बांधलेल्या पाच बेटांभोवतीचा भाग तरंगत्या खुणांच्या ओळीने होड्यांना बंद असतो, आणि त्या ओळीच्या अलीकडे शिडाच्या होड्या, कयाक आणि वल्हेकऱ्यांचे चमू निवांत फिरत असतात. ओकलंडने 2019 मध्ये ज्याला शहराचा अधिकृत पक्षी ठरवले, तो रातबगळा सिरपूरच्या काठच्या झाडांवरही बसतो, हे सांगितल्यावर काकांना माझ्याविषयी थोडा आदर वाटला असावा.

एवढ्यावर भावाने आपला विजय जाहीर करून टाकला. पण ऑगस्ट 2022 मध्ये याच लेक मेरिटच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता आणि कितीतरी दिवस नाक दाबून फिरावे लागत होते, हेही मला सांगणे भाग होते. उपसागरात सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढले आणि पाण्यातला प्राणवायू संपला. त्या वाढीला खतपाणी मिळते ते मुख्यतः शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांतून सुटणाऱ्या, शुद्ध म्हणवल्या जाणाऱ्या सांडपाण्यातील नत्रातून. होड्यांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, 2002 मध्ये, ओकलंडच्या मतदारांनी 19.8 कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते, त्यातून पाणी खेळते राहावे म्हणून भरतीची चिंचोळी वाट रुंद करण्यात आली. म्हणजे दीडशे वर्षे जुन्या अभयारण्यालाही आधी पाण्याचीच काळजी घ्यावी लागली.

सिरपूरला तर ती भरतीही नाही. होळकरांच्या काळातला हा तलाव पावसावर भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटत जातो. नाल्यातून जे आत आले ते आतच साठते. इंदूरला 2021 मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडणारे शहर, म्हणून गौरवण्यात आले, सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशय 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले, आणि या सगळ्याचा मला परदेशात बसून अभिमान वाटतो. तरीही पाणथळींच्या 2017 च्या नियमांत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडायला मनाई आहे, त्याविषयी आमच्या घरात कधी कडाक्याचे भांडण झाल्याचे मला आठवत नाही. होडी डोळ्यांना दिसते, पाण्यात विरघळलेले दिसत नाही.

शिवाय ओकलंडची ती ओळ येथे जशीच्या तशी आणून चालणार नाही. लेक मेरिटचे पाणी भरती-ओहोटीच्या ठराविक मर्यादेत खालीवर होते. सिरपूरचे पाणी हिवाळाभर मागे सरकते, उघड्या पडणाऱ्या चिखलात पाणपक्षी चरतात, आणि नोव्हेंबरात आखलेली सीमा फेब्रुवारीत कोरड्या जमिनीवर पडलेली असेल. ती दर पंधरवड्याला सरकवावी लागेल, आणि आटत जाणाऱ्या तलावात ती सरकत सरकत अखेरीस होड्यांना जागाच ठेवणार नाही.

म्हणून सिरपूरपुरता माझा निवाडा काकांच्या बाजूने गेला, परंतु कोणत्याही पाणथळीवर होडी नकोच, या त्यांच्या मतासाठी नव्हे. भावाला मी एवढेच सांगितले की, काठावरची पायवाट आणि पक्षी दाखवणारा माणूस यासाठी त्याने भांडावे; लोक तेवढ्यानेही येतात. त्यावर काका म्हणाले, ‘आणि नाल्यासाठी कोण भांडणार?’ भावाने त्यांच्याकडेच बोट दाखवले.