‘पोरांना कॉम्प्युटरला घालू नका’ : त्या फॉरवर्डला सोलापुरातून उत्तर

ॲडमिशनचा सीझन आला की फॉरवर्डचा पूर येतो. यंदा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर गल्लीत पाणी कधी सोडणार एवढं विचारायला काढलेला ग्रुप आहे, तिथं पण. मेसेज थोडक्यात असा: “एआय आता ९० टक्के कोड स्वतः लिहितं. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख सांगतायत की मुलांना कोडिंग शिकवू नका. टीसीएसनं एआयमुळे १२ हजार लोक काढले. आता साधा दुकानदार पण मराठीत बोलून सॉफ्टवेअर बनवणार. यंत्रमाग आला आणि हातमागवाले संपले, तसेच डेव्हलपर संपणार. पोरांना कॉम्प्युटरला घालू नका.” खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

माझ्या काकांनी हाच मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, “तुझं काय मत?” कारण चुलत बहिणीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. मी अकरा वर्षं हेच सॉफ्टवेअर बनवायचं काम करतोय, पाच वर्षं हिंजवडीत काढली आणि आता सहा वर्षं इथं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची बिलिंग, स्टॉक, मजुरीची सॉफ्टवेअरं बघतो. एआय रोज वापरतो, त्याच्याशिवाय आता हात चालत नाही असं म्हणलं तरी चालेल. तेव्हा काका, राग मानू नका, एकेक मुद्दा घेतो, पण मेसेजमधल्या क्रमानं नाही.

आधी दुकानदाराचं घेऊ, कारण ते खरंय. बनवतोय दुकानदार सॉफ्टवेअर. ओळखीतल्या एका टॉवेलवाल्या मालकाच्या पोरानं दोन रात्रीत बिलिंगचं ॲप बनवलं, कोडची एक ओळ न वाचता, नुसतं सांगून सांगून. याला व्हाइब कोडिंग म्हणतात, एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हा शब्द काढला. मी ते ॲप बघितलं, खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा देखणं होतं, मला जरा लागलंच.

महिन्याभरानं त्याचा फोन. “दादा, पार्टी बिलं परत पाठवतीय.” गेलो. झालं होतं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून चादर-टॉवेलसारख्या मालावर जीएसटीचा नवा हिशोब आला, नगाची किंमत अडीच हजारापर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली तर १८. पोरानं एआयला सांगितलेलं, “अडीच हजाराच्या वर १८ टक्के लाव.” त्यानं इमानदारीत लावला. आता तीनशेचा टॉवेल, डझनाची एक ओळ, झाले ३६०० रुपये, म्हणजे अडीच हजाराच्या वर! जिथं १८० रुपये टॅक्स लागायचा तिथं ६४८. ‘नगामागे’ हा एक शब्द सांगायचा राहिला, आणि तो का राहिला तर टॉवेलच्या धंद्यात तो कुणी सांगतच नाही, सगळ्यांना माहितीच असतो. मजा म्हणजे ॲपला टेस्ट पण होत्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, एआयनंच लिहिलेले, आणि सगळ्या हिरव्या म्हणजे पास, कारण ज्या गैरसमजातून कोड आला त्याच गैरसमजातून टेस्ट आल्या.

दुरुस्ती एका मिनिटाची होती आणि ती पण मी एआयकडूनच करून घेतली. पण त्याआधी मुनीमजींच्या शेजारी बसून अख्खी दुपार गेली. त्यात अजून दोन गोष्टी निघाल्या, डिस्काउंट वजा करायच्या आधीच किंमत बघितली जात होती, आणि परत आलेला माल स्टॉकला दोनदा जमा होत होता. गेलेल्या बिलांच्या क्रेडिट नोटा काढायला लागल्या ते वेगळंच. आता सांगा, यातलं ‘कोड लिहिणं’ किती होतं? आणि ही दुपार ज्यानं तिथं बसून काढली तो माणूस गरजेचा की नाही? उलट पूर्वी ह्या कारखान्यात सॉफ्टवेअरच नव्हतं, वही होती. ॲप स्वस्तात झालं म्हणून मला तिथं काम मिळालं. असे अजून तीन फोन आलेत मला.

तर ते ९० टक्के. हा आकडा अँथ्रॉपिक कंपनीच्या दारिओ अमोदेई यांचा, मार्च २०२५ मध्ये ते म्हणाले होते की तीन ते सहा महिन्यांत ९० टक्के कोड एआय लिहील. अंदाज होता तो, मेसेजमध्ये येईपर्यंत ‘लिहितं’ झालं. आणि ही कंपनी कोड लिहिणारं एआय विकते, भाऊ, नवी पेठेतला दुकानदार आपल्याच चादरीचा रंग जातो म्हणून सांगेल का? पण जाऊ द्या, धरू की खरंच ९० टक्के लिहितं. माझ्याकडं काही दिवस त्याच्या वरच असतं. गूगलचे सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडचा पाव भागापेक्षा जास्त नवा कोड एआय तयार करतं, आणि त्याच वाक्यात पुढं होतं की तो इंजिनिअर तपासतात आणि मग घेतात. वाक्याचा तेवढा शेपटाचा भाग फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. ९० टक्के कोड म्हणजे ९० टक्के काम नाही, आणि ९० टक्के माणसं तर नाहीच नाही.

शिवाय ‘वेग वाढला’ हे आपल्याला वाटतं तेवढं पण खरं नसतं. मीटर नावाच्या अमेरिकन संस्थेनं २०२५ च्या सुरुवातीला १६ मुरलेल्या डेव्हलपरना २४६ कामं दिली, काही कामांना एआय वापरायची परवानगी, काही कामांना नाही. एआयवाल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि त्या लोकांना मात्र काम संपल्यावर पण वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं! आता हे वाचून लगेच उड्या मारू नका, ती माणसं वर्षानुवर्षं ज्या कोडवर काम करत होती त्यातलीच ती कामं होती, आणि टूल तेव्हाची, नंतर लई सुधारली. मी तर नवीन काम नक्कीच लवकर करतो. पण आपलं ‘वाटणं’ किती फसवं असतं ते यातून कळतं, आणि फॉरवर्ड चालतात वाटण्यावर.

‘मुलांना कोडिंग शिकवू नका’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचं म्हणाल तर एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईत तसं बोलले होते खरे. त्याला सत्तर वर्षं आधीचं उदाहरण आहे. १९५४ मध्ये आयबीएमच्या लोकांनी फोरट्रान ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पहिल्या अहवालात लिहिलं होतं की यामुळं कोडिंग आणि चुका शोधणं जवळजवळ संपेलच. नंतर काय झालं ते हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आयटीच्या नोकरीला जाणारी पोरं मोजली तरी कळेल.

टीसीएसचा आकडा बरोबर आहे, पण ‘एआयमुळे’ हे कारण मेसेजवाल्यानं स्वतः जोडलंय. जुलै २०२५ मध्ये कंपनीनं सुमारे १२ हजार म्हणजे साधारण २ टक्के लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या पदावरचे जास्त, आणि प्रमुखांनी स्वतः सांगितलं की हे एआयमुळं नाही, कौशल्य आणि काम जुळत नाही म्हणून. कंपनी म्हणते म्हणून मी डोळे झाकून मानत नाही, पण मग फॉरवर्डवाल्याचं तरी का मानू?

आता यंत्रमाग. हा मुद्दा सोलापूरच्या माणसानं हसण्यावारी नेऊ नये, जुन्या मिलचा, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा ऐकलेली माणसं अजून घरात आहेत. यंत्रमाग आले आणि हातमागवाल्यांचं काम गेलं, हे काय खोटं आहे का? “काही होत नाही बे, नवीन कामं येतात” असं जे टीव्हीवर बोलतात त्यांनी एकदा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, येऊन बसावं. पण मेसेजवाल्यानं अर्धाच माग बघितला. आपली चादर होते जकार्डवर, आणि जकार्ड म्हणजे काय तर १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेली युक्ती, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची आणि कुठला धागा उचलायचा ते त्या भोकांवरून मागाला कळायचं. कॉम्प्युटरची पंचकार्डं ह्याच घराण्यातली. म्हणजे प्रोग्रॅमिंग सोलापुरात कॉलेजच्या आधी कारखान्यात आलंय.

आमच्या शेजारचे अण्णा हेच करायचे. आधी ग्राफ पेपरवर मोर काढायचा, चौकट चौकट भरायची, मग त्यावरून कार्डं पाडायची. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आणि कार्डं पाडायचं काम गेलं. नुसती कार्डंच पाडणारी दोन पोरं होती त्यांच्या हाताखाली, ती गेली, एक आता रिक्षा चालवतो. अण्णा राहिले. आता कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्या पोराच्या मागं खुर्ची टाकून बसतात आणि सांगतात, हा मोर इथं बसणार नाही, उलट्या बाजूला धागे लोंबतील, पहिल्या धुण्यात गिऱ्हाईक परत आणून टाकेल.

मेसेजमधली खरी भीती म्हणूनच त्या दोन पोरांची आहे, आणि ती मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवरून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवलं की २२ ते २५ वयाच्या डेव्हलपरच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरच्या मानानं जवळपास २० टक्क्यांनी घटल्यात, तर मोठ्या वयाच्यांच्या घटल्या नाहीत. सगळा दोष एआयचा असेलच असं नाही, कोविडनंतर भरमसाठ भरती झालेली आणि मग व्याजदर वाढले, पण एआयचा हात त्यात नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी स्वतः पाच वर्षांपूर्वी जे काम फ्रेशरला दिलं असतं ते आता एआयला देतो. माझीच लाज वाटते कधी कधी, कारण मला पण कुणीतरी तसंच काम देऊन शिकवलेलं, आणि आज कुणी शिकलं नाही तर दहा वर्षांनी मुनीमजींच्या शेजारी बसायला येणार कोण?

तर काका, फॉर्ममध्ये कॉम्प्युटर टाका, वालचंद मिळालं तर उत्तम, ऑर्किड मिळालं तरी चालेल, पण ‘चार वर्षं कॉलेज, मग कॅम्पस, मग हिंजवडी’ ही जी सरळ रेघ तुमच्या डोक्यात आहे ती पुसा. पोरीला नुसतं लिहिता येऊन भागणार नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून यात गोची कुठाय हे सांगता यायला पाहिजे, आणि त्यासाठी स्वतः लिहून चार वेळा आपटायला पण पाहिजे. त्या टॉवेलच्या ॲपची एक कॉपी, डिस्काउंटवाली चूक तशीच ठेवून, मी तिला दिलीय आठवड्यापूर्वी, एआय वापर म्हणलं खुशाल.

परवा तिचा मेसेज आला, “दादा, एआय म्हणतं कोड बरोबर आहे. पण माल घेताना भाव ठरतो तो डिस्काउंट धरून ठरतो का न धरता?” मी मुनीमजींचा नंबर दिला.