‘केवळ हात चालवणारी विद्यार्थिनी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक माजी संशोधक’ अशी सही करून आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. बाल्टिमोरला सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थिनी असलेल्या कॅन्डेस पर्ट आणि मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरच्या, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं जिथे जाऊन बसतात त्या जागेच्या, शोधावरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वीडनचे लार्स टेरेनियस आणि न्यूयॉर्कचे एरिक सायमन या संशोधकांनीही १९७३ सालीच हा शोध लावला होता, मग पर्ट यांचंच कौतुक का, असं आपण विचारता. पर्ट यांचं मन आणि शरीराच्या नात्याबद्दलचं नंतरचं लेखन आपल्याला अशास्त्रीय वाटतं. एन्केफॅलिनपासून, म्हणजे मेंदूत तयार होणाऱ्या मॉर्फिनसारख्या द्रव्यापासून, व्यसन न लावणारं वेदनाशामक निघालंच नाही, असंही आपण म्हणता. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देते: “प्रयोगशाळा, पैसा आणि प्रश्न गुरूचा असताना केवळ हात चालवणाऱ्या विद्यार्थिनीला श्रेय देणं हा भाबडेपणा आहे, लेखिकेने बहुधा प्रयोगशाळा आतून पाहिलेली नसावी.”

टेरेनियस आणि सायमन यांना मी एका वाक्यात उरकलं, हे मान्य. अजून दोन वाक्यं द्यायला जागा होती.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘बहुधा पाहिलेली नसावी’ हा कुठला सूर? मी कोण, कुठे काम केलं, हे न विचारता निकाल देऊन मोकळं व्हायचं? हेच एखाद्या पुरुष लेखकाला आपण लिहिलं असतं का, याचा विचार करावा.

विचारलं नाहीत, तरी सांगते. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या फार्माकॉलॉजी विभागात अनेक वर्षं काम केलं आहे. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा टायरोड नावाच्या क्षारांच्या द्रावणात टांगायचा, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, आतड्याची हालचाल रेघेने नोंदवणाऱ्या कायमोग्राफच्या ड्रमवरच्या कागदाला काजळी धरायची आणि लेखणीची रेघ उमटेपर्यंत श्वास रोखून बसायचं, हे मी केलेलं आहे. द्रावणाचं तापमान थोडं घसरलं तरी आतडं मंदावतं आणि सकाळ वाया जाते. कुठला तुकडा टाकून द्यायचा आणि कुठल्याला अजून अर्धा तास द्यायचा, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. माझ्या हातचे आलेख एका शोधनिबंधात छापून आले, माझं नाव आलं नाही. ते कुणामुळे, हे मी सांगणार नाही. पण हात डोक्याशिवाय चालतात असं मला कुणी शिकवायला येऊ नये.

आणि ‘प्रश्न गुरूचा’ म्हणजे काय हो? मॉर्फिन मेंदूत नेमकं कुठे बसतं, हा प्रश्न पर्ट यांचे गुरू स्नायडर यांचाही एकट्याचा नव्हता. स्टॅनफर्डच्या अव्हराम गोल्डस्टीन यांनी १९७१ मध्येच पद्धत सुचवून प्रयोग केला होता आणि औषधाचा खऱ्या जागी बसलेला भाग त्यांच्या हाती जेमतेम २ टक्के लागला होता. प्रश्न सगळ्यांसमोर पडलेला होता. अडत होतं ते करण्यात. किरणोत्सारी औषध उंदराच्या वाटलेल्या मेंदूत मिसळलं की ते वाटेल तिथे चिकटतं. खऱ्या जागी बसलेलं तेवढं राहावं आणि बाकीचं धुऊन जावं, यासाठी मिश्रण फिल्टरवर ओतून थंडगार द्रावणाने झटपट धुवावं लागतं. पर्ट यांनी किरणोत्सारी औषध म्हणून मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन वापरलं. लेव्हॉर्फेनॉल हे मॉर्फिनसारखं औषध नॅलोक्सोनला जागेवरून हटवतं आणि लेव्हॉर्फेनॉलचंच आरशातलं रूप असलेलं डेक्स्ट्रॉर्फन हटवत नाही, हे दिसलं तेव्हा रिसेप्टर सिद्ध झाला. स्नायडर यांनी हे काम थांबवायला सांगितलं होतं, असं पर्ट यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. मार्च १९७३ च्या ‘सायन्स’मधल्या निबंधावर पहिलं नाव पर्ट यांचं आहे. तेही भाबडेपणानेच छापलं का? शेत पाटलाचं म्हणून रात्रभर पाणी पाटलानेच पाजलं, असं होत नाही.

१९७८ चा लास्कर हा अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मोठा पुरस्कार स्नायडर, हान्स कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज यांना मिळाला. कोस्टरलिट्झ १९०३ साली जन्मलेले, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधले ज्येष्ठ संशोधक. ह्यूज त्यांचे तरुण सहकारी. डुकरांच्या मेंदूंसाठी भल्या पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जायचे ते ह्यूज. त्यातून पाच-पाच अमिनो आम्लांची दोन एन्केफॅलिन्स सापडली आणि १९७५ च्या ‘नेचर’मधल्या निबंधावर पहिलं नाव ह्यूज यांचं होतं. ॲबर्डीनच्या तरुणाचे हात समितीला दिसले, बाल्टिमोरच्या तरुणीचे दिसले नाहीत. ह्यूज विद्यार्थी नव्हते, असं तुम्ही म्हणाल. मग पदवी मिळायच्या आधी केलेला प्रयोग हलका ठरतो का? पर्ट यांनी निषेधाचं पत्र लिहिलं, त्यावर वाद झाला आणि तो ‘सायन्स’च्या पानांपर्यंत पोहोचला. आपण संशोधक होतात, तर हे ठाऊक असायला हवं होतं.

बाकीचं थोडक्यात. पर्ट यांचं नंतरचं लेखन माझ्या लेखाचा विषयच नव्हता. एन्केफॅलिन टोचून वेदनाशामक झालं नाही हे खरं, त्यांचीही सवय लागते. पण शरीरात त्यांचं विघटन लांबवणारं रेसकॅडोट्रिल आज आपल्याकडे मुलांच्या जुलाबावर देतात, तेव्हा ‘काहीच निघालं नाही’ म्हणू नये.

यापुढे लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेतून बोलता आहात हे मलाही कळेल. टेरेनियस यांच्या उप्सालातल्या कामावर स्वतंत्र लेख येतो आहे. तो तुमच्या प्रतिक्रियेमुळे नव्हे, आधीपासूनच ठरलेला होता.