‘दमट हवेत फक्त सुतीच’ : माझ्याच मेसेजचा खुलासा

‘कोकणात जाताना फक्त सुती कपडे न्या, पॉलिस्टरला हात लावू नका’ हा माझा जुना मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. तो अर्धवट आहे, चूक माझी. पुण्याच्या कोरड्या उन्हावरून मी तो लिहिला होता. इथे गॅलरीत सुती कुर्ता दोन तासांत वाळतो. मे महिन्यात रत्नागिरीत रात्री धुतलेला तोच कुर्ता सकाळी काखेत, शिवणीत ओलाच होता. सुती धागा साध्या हवेतूनच वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा ओढतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. सुती जरूर न्या, पण मलमलीसारखं विरळ आणि सैल. जीन्स नकोच. सोबत एखादा पातळ, जाळीदार पॉलिस्टरचा टी-शर्ट ठेवा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा टाका.