कर्ज काढून दशमांश? शास्त्रात तसे नाही

उसाची बिले जमा होऊ लागली की सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो. त्याचे म्हणणे असे: एकूण उत्पन्नाचा दशमांश, म्हणजे दहावा हिस्सा, मंडळीला सगळ्यांत आधी द्या, हाती पैसे नसतील तर उसने काढून द्या. न देणारा देवाला लुटतो व शापित होतो, देणाऱ्याला शंभरपट मिळते. एवढे करूनही ज्याला कमी पडते त्याने कुरकुर न करता समाधान मानावे. खाली बायबलच्या जुन्या करारातले मलाखी ३:१०, म्हणजे सगळा दशमांश भांडारात आणा, हे वचन.

नियमित द्यावे, हे यातले खरे आहे. बाकीचे तपासावे लागेल.

आधी शाप. मलाखीतले ‘भांडार’ म्हणजे मंदिरातल्या धान्य, द्राक्षारस आणि तेल साठवायच्या खोल्या. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचे पोट या दशमांशावर चाले. तो थांबला तेव्हा ते सेवा सोडून आपापल्या शेतांकडे गेले, असे नहेम्या १३:१० सांगते. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांशाची रीतही या संदेशापेक्षा वेगळी आहे. अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणे एक दशमांश देणाऱ्याने स्वतःच कुटुंबासह देवासमोर आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवून लेवी, उपरी, पोरके व विधवा यांना पोटभर द्यायचा. गुराढोरांत काठीखालून जाणारे दहावे जनावर देवाचे (लेवीय २७:३२), पहिले नव्हे. प्रथमफळ, म्हणजे पिकाचा पहिला भाग, हे निराळे अर्पण होते. आणि शापाचे म्हणाल तर ख्रिस्ताने नियमशास्त्राच्या शापापासून सोडवले, हे गलती ३:१३ मध्ये स्पष्ट आहे. ज्या मंडळीला हे ठाऊक आहे तिने गरीब घराला शापाची भीती घालावी, हे फार वाईट.

आता उसने काढण्याचे. समजा ४० टन ऊस गेला, टनाला ३,००० रुपये, म्हणजे १,२०,०००. सोसायटीचे पीककर्ज व्याजासह ६०,००० कारखान्यातूनच वळते झाले. खताच्या दुकानाची उधारी आणि तोडणी टोळीला वरून द्यावी लागणारी खुशाली मिळून १५,०००. हाती राहिले ४५,०००, तेही हप्त्याहप्त्याने. एकूण रकमेवर दशमांश १२,०००, म्हणजे हातातल्या पैशाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. तेवढे सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने उचलले तर वर्षाचे नुसते व्याज ४,३२०. हाती आलेल्या ४५,००० चा दशमांश ४,५०० होतो. जवळजवळ तेवढीच रक्कम सावकाराला जाते आणि मुद्दल तसेच उभे राहते. गरीब भावाकडून व्याज घेऊ नका, असे लेवीय २५:३६-३७ मध्ये बजावणाऱ्या देवाला हे दान हवे असेल का?

प्रेषित पौलाचे उत्तर सरळ आहे: जवळ असेल त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, नसेल त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२). येशूने वाखाणलेल्या गरीब विधवेच्या दोन टोल्याही (अगदी लहान नाणी) तिच्या स्वतःच्या होत्या, उसन्या नव्हत्या. १ करिंथ १६:२ मधली रीत आजही चालते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळाले असेल त्या मानाने, थोडे बाजूला ठेवणे. कुपवाडच्या कारखान्यात १८,००० पगार असेल आणि हातउसने फेडायचे असेल, तर ३ टक्क्यांनी, म्हणजे ५४० रुपयांनी सुरुवात करावी. देणी फिटली की हा आकडा वाढवावा. पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या पाकिटात काढावेत. महिनाअखेरीस उरलेले देऊ म्हटले की काही उरत नाही, बहुतेकांचे गाडे इथेच अडते. आईवडिलांच्या औषधाचे पैसे मात्र या पाकिटात घालू नयेत. मार्क ७:११ मधल्या ‘कुर्बान’वर, म्हणजे आईवडिलांच्या मदतीचे पैसे देवाला वाहिले असे सांगून ते नाकारण्यावर, येशूचा राग त्याचसाठी होता.

शंभरपटीचे वचन (मार्क १०:३०) घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते मोजते आणि लगेच ‘छळ’ही म्हणते. शंभर आया कुणाला मिळत नाहीत, ते मंडळीच्या कुटुंबाविषयी आहे.

सर्वांत जास्त नुकसान करते ते समाधानाविषयीचे वाक्य. पौल तुरुंगातून स्वतःविषयी लिहितो की मी समाधानी राहायला शिकलो. त्याच अध्यायात, आपल्या संकटात वाटेकरी झाले म्हणून तो फिलिप्पैकरांची वाखाणणी करतो (फिलिप्पै ४:१४). उपाशी माणसाला गप्प बसवायला तो हे लिहीत नाही. मलाखी ३:१० च्या पाचच वचने आधी मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर देव साक्षीदार म्हणून येतो, आणि हे वचन संदेशात नसते. ऊसतोड टोळीची मजुरी अडली असेल तर ती मागणे म्हणजे असमाधान नव्हे. १ तीमथ्य ६ मध्ये अन्नवस्त्रात तृप्त राहा म्हटल्यावर पौल धनवानांना सढळ हाताने देण्याची आज्ञा करतो. म्हणून समाधानाचा हिशेब पगार वाढण्याआधीच करावा. वाढ २,००० ची असेल तर घरखर्चात किती जाणार ते आधी ठरवावे, नाहीतर नव्या गाडीचा हप्ता ती गिळतो.

देणाऱ्याने पावतीही मागावी. वर्गणीबाबत कुणी दोष लावू नये म्हणून पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी बंधू पाठवले (२ करिंथ ८:१८-२१). चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार त्याचे हिशेब तपासून घ्यावे लागतात. वार्षिक सभेत तो अहवाल वाचून दाखवायला सांगावे, आणि त्यात विधवांना व आजाऱ्यांना किती गेले ती ओळ शोधावी.